क्वार्टरबॅकचा डावा गुडघा

22 नोव्हेंबर 2020. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या लँडओव्हर इथे वॉशिंग्टन आणि सिनसिनाटी बेंगल्स यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता. बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो तेव्हा 23 वर्षांचा होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिलं नाव त्याचं पुकारलं गेलं होतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याने चेंडू फेकला, त्या क्षणी त्याचा डावा पाय जमिनीत रोवलेला होता. एक बचावपटू वरून आदळला, दुसरा पायांवर येऊन पडला, आणि गुडघा ज्या दिशेला वाकू नये त्या दिशेला वाकला. एसीएल आणि एमसीएल ही दोन लिगामेंट तुटली. गुडघ्यातल्या आणखी एका लिगामेंटला आणि मेनिस्कसच्या गादीलाही इजा झाली.

पंधरा महिने पुरे व्हायच्या आत, 13 फेब्रुवारी 2022 रोजी, हाच बरो सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, मैदानात उतरला. या दोन तारखांच्या मधल्या काळात त्याच्या गुडघ्यात, स्नायूंत आणि मेंदूत जे घडलं, ते समजून घेण्यासारखं आहे. लिगामेंट शस्त्रक्रियेनंतर खेळाडू परतला, असं आपण बातमीत वाचतो. प्रत्यक्षात त्या एका परतण्यात तीन वेगवेगळी परतणी असतात. प्रत्येकाचा वेग निराळा असतो, आणि सर्वांत शेवटी परतते ती नजर.

रोवलेला पाय

अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंनी अकरा-अकरा खेळाडू असतात. आक्रमक संघाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. मधला खेळाडू पायांमधून चेंडू मागे देतो, क्वार्टरबॅक तो घेऊन काही पावलं मागे सरकतो, आणि समोरचे पाच धिप्पाड लाइनमन त्याच्याभोवती संरक्षणाची जागा धरून ठेवतात. या जागेला पॉकेट म्हणतात. पॉकेट फार वेळ टिकत नाही. साधारण अडीच-तीन सेकंदांत क्वार्टरबॅकला पुढे धावणारे आपले खेळाडू पाहायचे असतात, बचावाची मांडणी ओळखायची असते आणि चेंडू सोडायचा असतो. या सगळ्या वेळात त्याची नजर दूर, वीस-तीस यार्डांवर असते. पायांशी काय चाललं आहे, हे पाहायला त्याला सवड नसते.

चेंडू फेकणं हे वरवर पाहता हाताचं काम वाटतं, पण त्याची ताकद जमिनीतून येते. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक मागच्या, म्हणजे उजव्या पायाने जमीन रेटतो आणि डावा पाय पुढे टाकून रोवतो. हा पुढचा पाय शरीराचा पुढे जाणारा वेग अडवतो. त्यामुळे आधी कंबर फिरते, मग धड, मग खांदा, आणि शेवटी हात. डावा गुडघा त्या क्षणी लटपटला तर फेकीचा जोर जातो आणि नेमही चुकतो. म्हणजे फेकीचा आधार असलेला पायच नेमक्या त्या क्षणी सर्वांत उघडा असतो. शरीराचा भार त्याच्यावर असतो, बुटाचे खिळे गवतात रुतलेले असतात आणि नजर दुसरीकडे असते. टॉम ब्रेडी, कार्सन पामर, जो बरो या तिघांचाही डावाच गुडघा गेला, तो असा.

लिगामेंट काय करतं

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड गुडघ्यात एकमेकांवर टेकलेली असतात, पण त्यांचे आकार एकमेकांत अडकून बसणारे नाहीत. सांधा टिकतो तो लिगामेंटमुळे. एसीएल हे सांध्याच्या आत तिरपं जाणारं लिगामेंट आहे. त्याची लांबी सरासरी तीन-सव्वातीन सेंटिमीटर, जाडी साधारण करंगळीएवढी. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि गुडघा पीळ घेत असताना त्याला आवर घालणं, ही त्याची कामं. तरुण माणसाचं एसीएल प्रयोगशाळेत तुटेपर्यंत ताणलं तेव्हा त्याने सुमारे 2,100 न्यूटन, म्हणजे दोनशे किलोंहून अधिक वजनाइतका ताण सोसलेला आढळला आहे.

गुडघ्याच्या आतल्या बाजूचं एमसीएल तुटलं तर अनेकदा शस्त्रक्रियेशिवाय भरून येतं, कारण त्याच्याभोवती रक्तपुरवठा चांगला असतो. एसीएलचं तसं नाही. ते सांध्यातल्या द्रवात असतं; तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी धरून राहत नाही, त्यामुळे भरून येण्याची पहिली पायरीच घडत नाही. म्हणून खेळाडूंच्या बाबतीत जुनं लिगामेंट शिवण्याऐवजी बहुधा नवं बसवलं जातं.

दुर्बिणीद्वारे होणाऱ्या या शस्त्रक्रियेत दोन्ही हाडांमध्ये बोगदे पाडतात आणि त्यांतून स्नायुबंधाची एक पट्टी ओवून स्क्रूने किंवा अन्य साधनाने पक्की करतात. ही पट्टी म्हणजे ग्राफ्ट. तो गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधाच्या मधल्या भागातून घेता येतो; त्याच्या दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असल्याने तो बोगद्यात लवकर जुळतो. मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचे किंवा मांडीच्या पुढच्या स्नायूचे बंधही वापरतात. मृत दात्याकडून मिळालेला ग्राफ्टही चालतो. जानेवारी 2006 मध्ये प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, सामन्यात पहिलाच पास फेकताना सिनसिनाटीच्या कार्सन पामरचा गुडघा मोडला, तेव्हा त्याच्या गुडघ्यात दात्याच्या टाचेमागचा स्नायुबंध बसवला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हंगामाच्या पहिल्या सामन्याला तो मैदानात होता.

पहिलं परतणं: ग्राफ्टचं

शस्त्रक्रियेच्या टेबलावर ग्राफ्ट पुरेसा मजबूत असतो. खरी अडचण नंतर सुरू होते. मूळ जागेवरून उचलताच त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि त्यातल्या पेशी मरू लागतात. उरतो तो तंतूंचा सांगाडा. मांडवावर वेल चढावा तशा नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी त्या सांगाड्यावर चढतात, जुने तंतू काढून टाकतात आणि नवे विणतात. या उलथापालथीत, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, ग्राफ्ट सर्वांत दुबळा असतो. नेमक्या याच काळात दुखणं थांबलेलं असतं, सूज उतरलेली असते, आणि आपण बरे झालो असं खेळाडूला वाटू लागतं. आतल्या तंतूंची घडी बसायला एक वर्ष आणि कधी त्याहून जास्त काळ लागतो. व्यायामाने हा काळ फारसा आखडता येत नाही. कितीही पैसे असलेला संघ असो, पेशी आपल्याच गतीने काम करतात.

दुसरं परतणं: स्नायूंचं

गुडघ्याला मार बसला आणि सांध्यात पाणी भरलं की शरीर मांडीच्या पुढच्या क्वाड्रिसेप्स स्नायूला आपोआप आवरतं. स्नायूला इजा नसते, पण त्याला पूर्ण जोर लावण्याचा संदेशच मज्जातंतूंकडून मिळत नाही. काही आठवड्यांत मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक होते. म्हणून पुनर्वसनाची सुरुवात अगदी साध्या गोष्टींनी होते. गुडघा पूर्ण सरळ करता येणं, सूज उतरवणं, झोपल्या झोपल्या मांडी आवळणं आणि सरळ पाय वर उचलणं. गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर चाल बिघडते आणि पुढचा प्रत्येक टप्पा अडतो. त्यानंतर जागच्या जागी चालवायची सायकल, बैठका, पायऱ्या. धावणं सहसा तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर. उडी, दिशाबदल, अचानक थांबणं त्याहून पुढे.

क्वार्टरबॅक या टप्प्यात आधी हात आणि खांदा चालू ठेवतो, पाय न हलवता हलके पास फेकतो, आणि मग एक एक पाऊल वाढवत नेतो. मागे तीन पावलं, मग पाच, मग बाजूला धावत फेकणं. दर पायरीवर पाहायचं असतं की पुढचा पाय रोवताना तो भार पूर्ण घेतो की चोरतो. भार चोरणारा पाय बाहेरून ओळखू येत नाही, पण चेंडू कमी जोराने जातो आणि उणीव भरून काढायला खांदा जास्त राबतो.

परतायची परवानगी द्यायची तर चाचण्या असतात. दोन्ही मांड्यांची ताकद यंत्रावर मोजतात. एका पायावर उडी मारून अंतर मोजतात. शस्त्रक्रिया झालेला पाय दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के चालला पाहिजे, असा प्रचलित निकष आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नॉर्वेजियन-अमेरिकन अभ्यासात असं दिसलं की, नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवलं, तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा जायबंदी होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटलं. नऊ महिने ही त्यामुळे किमान मर्यादा मानली जाऊ लागली. पण नऊ महिने झाले आणि मांडी अजून बारीक असली, तर कॅलेंडरने दिलेली परवानगी फसवी असते.

हंगामाची घाई

एनएफएलचा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो. डिसेंबर-जानेवारीत गुडघा गेला तर पुढचा हंगाम आठ-नऊ महिन्यांवर असतो, अगदी काठावर. या काठावर उभा असलेला सर्वांत ठळक खेळाडू म्हणजे रॉबर्ट ग्रिफिन. 2012 मध्ये वॉशिंग्टनकडून पहिल्याच हंगामात त्याने 815 यार्ड धावून काढले आणि आक्रमणातला वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला. डिसेंबरमध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या लिगामेंटला दुखापत झाली. एका सामन्याच्या विश्रांतीनंतर तो परत खेळू लागला. 6 जानेवारी 2013 च्या प्लेऑफ सामन्यात तो लंगडत असल्याचं सगळ्यांना दिसत होतं, तरी तो मैदानात राहिला आणि चौथ्या क्वार्टरमध्ये गुडघा पूर्ण गेला. हेच एसीएल कॉलेजात असताना 2009 मध्ये एकदा तुटलं होतं, म्हणजे आता दुसऱ्यांदा नवं बसवावं लागलं. आठ महिन्यांनी, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात तो उतरला. त्या वर्षी त्याच्या धावांचे यार्ड 489 वर आले, संघ 16 पैकी 13 सामने हरला, आणि शेवटचे तीन सामने ग्रिफिनला बाहेर बसवलं गेलं. पहिल्या वर्षीचा ग्रिफिन पुन्हा दिसला नाही.

पामरही आठ महिन्यांतच परतला होता आणि त्याने त्या हंगामात 4,000 यार्डांहून अधिक पास फेकले. तेव्हा केवळ महिने मोजून निकाल लावता येत नाही. ग्रिफिनच्या गुडघ्यावर ती दुसरी मोठी दुरुस्ती होती, आणि त्याचा खेळ पायांवर उभा होता. पामर पॉकेटमध्ये उभा राहून फेकणारा होता. तो गुडघ्याकडून जे मागत होता, ते गुडघा देऊ शकत होता.

आकडेही हेच सुचवतात. एनएफएलच्या 13 क्वार्टरबॅकच्या एका अभ्यासात एसीएल शस्त्रक्रियेनंतर 12 जण पुन्हा खेळले आणि त्यांच्या कामगिरीत लक्षणीय घट दिसली नाही. चेंडू घेऊन धावणारे रनिंग बॅक आणि पळत पास झेलणारे रिसीव्हर यांच्या अशाच अभ्यासात मात्र पाचातला एक जण परतलाच नाही, आणि परतलेल्यांची कामगिरी सुमारे एक तृतीयांशाने घसरली. गुडघ्याची दुरुस्ती तीच. फरक कामाचा.

तिसरं परतणं: नजरेचं

एसीएल ही नुसती दोरी नाही. त्यात मज्जातंतूंची टोकं असतात. गुडघा किती वाकला आहे, कोणत्या बाजूला चालला आहे, याची खबर ती मेंदूला सतत देत असतात. लिगामेंट तुटलं की ही खबर खंडित होते, आणि नवा ग्राफ्ट ती पूर्वीसारखी देत नाही. मेंदूच्या चित्रणाच्या काही अभ्यासांत एक विलक्षण गोष्ट दिसली. एसीएल शस्त्रक्रिया झालेली माणसं गुडघा हलवतात तेव्हा त्यांच्या मेंदूचा दृष्टीशी संबंधित भाग इतरांपेक्षा अधिक काम करतो. गुडघ्याकडून पुरेशी खबर मिळत नाही, म्हणून मेंदू डोळ्यांचा आधार घेतो.

क्वार्टरबॅकचे डोळे तर आधीच पूर्ण गुंतलेले असतात. दूरवर धावणारा साथीदार पाहायला लागणारी नजर पायांच्या राखणीत खर्च झाली, तर पास अर्ध्या सेकंदाने उशिरा सुटतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात बचावपटू येऊन पोचतो. म्हणून चांगल्या पुनर्वसनात शेवटी खेळाडूचं लक्ष गुडघ्यावरून मुद्दाम दुसरीकडे वळवतात. एका पायावर तोल सांभाळत चेंडू झेलायला लावतात, आसपास माणसं धावत असताना निर्णय घ्यायला लावतात.

तरीही एक परीक्षा सरावात घेताच येत नाही. सरावात क्वार्टरबॅक इतरांहून वेगळ्या, बहुधा लाल रंगाची जर्सी घालतो, आणि त्याला कोणी धडक मारायची नसते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरची पहिली खरी धडक प्रत्यक्ष सामन्यातच बसते. 2021 च्या जुलैअखेर बरो सरावाला आला तेव्हा त्याचा गुडघा तयार होता, पण पायांभोवती माणसं असताना पूर्वीचा सहजपणा यायला त्याला वेळ लागला. हंगामापूर्वीच्या सामन्यांत तो अवघ्या तीन चाली खेळला. 12 सप्टेंबरला मिनेसोटाविरुद्ध पहिल्या खऱ्या सामन्यात बचावपटूंनी त्याला पाच वेळा पाडलं. तो पाचही वेळा उठला, आणि बेंगल्सनी जादा वेळेत 27-24 असा विजय मिळवला. त्या हंगामात त्याच्या पासपैकी 70.4 टक्के पास साथीदारांच्या हाती पोचले. लीगमध्ये ते प्रमाण सर्वाधिक होतं. त्याला पुनरागमनाचा पुरस्कार मिळाला.

टॉम ब्रेडीची गोष्टही याच वाटेने जाते. 2007 मध्ये त्याने 50 टचडाउन पासचा, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या पासचा, त्या वेळचा विक्रम केला होता. 7 सप्टेंबर 2008 रोजी नव्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. ऑक्टोबरमधल्या शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला आणि त्यासाठी आणखी उपचार करावे लागले. वर्षभराने, 14 सप्टेंबर 2009 रोजी, बफेलोविरुद्ध त्याचा संघ अखेरच्या मिनिटांत 11 गुणांनी मागे होता. ब्रेडीने दोन टचडाउन पास फेकून सामना 25-24 ने जिंकून दिला. पुढची अनेक वर्षं डाव्या गुडघ्यावर ब्रेस बांधून तो खेळला, आणि त्या दुखापतीनंतर त्याने चार सुपर बोल जिंकले.

राखण कोणाची

या दुखापतींनी खेळाचे नियमही बदलले. पामरनंतर 2006 मध्ये आणि ब्रेडीनंतर 2009 मध्ये क्वार्टरबॅकच्या गुडघ्याखाली धडक मारण्यावरचे निर्बंध कडक झाले. जमिनीवर पडलेल्या बचावपटूला आता त्याच्या पायांवर झेपावता येत नाही. काही चाहते या नियमांना खेळ मऊ केल्याबद्दल नावं ठेवतात. मला ते नियम योग्य वाटतात. ज्याला आपलं काम करण्यासाठी नजर दूर ठेवावीच लागते, त्याच्या पायांची काळजी दुसऱ्या कोणीतरी घेतली पाहिजे. ती नियमांनी घ्यायची, आणि समोर उभ्या असलेल्या लाइनमननी. 2021 च्या नियमित हंगामात बरोला 51 वेळा पाडलं गेलं, सुपर बोलमध्ये आणखी सात वेळा, आणि तो सामना बेंगल्स 23-20 असा हरले. पुढच्याच महिन्यात संघाने तीन नवे लाइनमन घेतले. दुरुस्त केलेल्या गुडघ्याची राखण शस्त्रक्रियागृहात संपत नाही, हे त्यांनी उशिरा का होईना ओळखलं.

आपल्याकडे हा खेळ फारसा खेळला जात नाही, पण हे लिगामेंट आपल्याकडेही तुटतं. कबड्डीत चढाई करणाऱ्याने दिशा बदलली आणि त्याच वेळी कोणी घोटा धरला, की गुडघ्यावर हाच पीळ येतो. फुटबॉल, बॅडमिंटन, खो-खो, सगळीकडे एसीएल जातं. एनएफएलच्या खेळाडूमागे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि मोजमापाची यंत्रं उभी असतात. गावातल्या संघातल्या मुलामुलींकडे यातलं बहुतेक काही नसतं. त्यांच्यापुढे असते पुढच्या महिन्यातली स्पर्धा, आणि आता दुखत नाही ना, मग उतर, असं म्हणणारं कोणीतरी. पंचविशीच्या आतले खेळाडू शस्त्रक्रियेनंतर खेळात परततात, तेव्हा त्यांच्यातल्या चार-पाच जणांमागे एकाला याच किंवा दुसऱ्या गुडघ्यात पुन्हा ही दुखापत होते, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. घाईची किंमत ही आहे.

म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला किंवा मुलीला केव्हा खेळणार, हा प्रश्न आधी विचारू नये. गुडघा पूर्ण सरळ होतो का, दोन्ही मांड्या सारख्या भरल्या का, एका पायावर उडी मारून स्थिर उतरता येतं का, हे विचारावं. पाच प्रतिस्पर्धी अंगावर येत असताना लक्ष खेळावर राहतं की गुडघ्याकडे जातं, हे तर नक्कीच विचारावं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यंत्र देत नाही. ते खेळाडूच देऊ शकतो, आणि ते खरं द्यायची मोकळीक त्याला प्रशिक्षकाने आणि घरच्यांनी दिली पाहिजे. अजून भीती वाटते, असं म्हणणारा खेळाडू कच्चा नसतो. त्याचा मेंदू अजून गुडघ्याची राखण करतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याला आणखी दोन महिने द्यावेत. हंगाम दरवर्षी येतो, गुडघे मात्र दोनच असतात.